दुर्बिणीचे आयुष्य आणि उत्तराधिकार : तख्तसिंहजी वेधशाळा, हबल आणि अ‍ॅस्ट्रोसॅट

गोषवारा

प्रस्तुत लेखात खगोलीय दुर्बिणींचे कार्यायुष्य, त्यांत उद्भवणारे बिघाड आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या साधनांची तरतूद यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. त्यासाठी पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा (१८८८ ते १९१२), हबल अवकाश दुर्बीण (१९९०पासून) आणि मुंबई-पुण्यातील संस्थांचा मोठा वाटा असलेली अ‍ॅस्ट्रोसॅट ही भारतीय अवकाश वेधशाळा (२०१५पासून) अशी तीन उदाहरणे घेतली आहेत. दुर्बिणीचा शेवट बहुधा तिच्या भागांच्या झिजेने ठरत नाही. दुरुस्तीची सोय, ती चालविणारा माणूस आणि उत्तराधिकारी साधनाची वेळेवर केलेली तयारी या गोष्टी तो ठरवितात, असे या तुलनेतून दिसून येते.

प्रस्तावना

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा छायापट्टा तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून भारताच्या भूमीवर आला. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेल्या विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश पथकाने तळ दिला होता. त्याच किनाऱ्यावर उत्तरेकडे, दापोली तालुक्यातील केळशी व तिच्या आसपासची गावे मात्र या पट्ट्याबाहेर राहिली. तेथे ग्रहण खंडग्रासच दिसले. छायापट्टा पुढे घाट ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या रेल्वेस्थानकावरून गेला. तेथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे पथक प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या नेतृत्वाखाली सज्ज होते. युरोपीय पथकांच्या बरोबरीने एका भारतीय संचालकाने आपल्या वेधशाळेची मोहीम उभी केल्याचे हे उदाहरण आधुनिक भारतीय विज्ञानाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

यानंतर केवळ चौदा वर्षांनी, १९१२ साली, ही वेधशाळा बंद झाली. तिची मुख्य दुर्बीण निकामी झालेली नव्हती. ती उतरवून दक्षिणेत कोडाईकनालला पाठविण्यात आली. चालू स्थितीतील साधनाचे कार्य का संपते, हा प्रश्न या घटनेतून उपस्थित होतो. तोच प्रश्न आज अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणींच्या बाबतीत अधिक तीव्रतेने पुढे आला आहे. कारण तेथील साधनापर्यंत माणसाचा हात सहसा पोचत नाही आणि नव्या साधनाच्या उभारणीस एकदोन दशके लागतात. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न महाराष्ट्राशी संबंधित उदाहरणांच्या आधारे तपासला आहे.

साधनाच्या वार्धक्याची जुनी जाणीव

खगोलीय साधन जुने होते, त्याला दुरुस्ती लागते आणि कधीतरी ते बदलावे लागते, ही जाणीव आपल्या परंपरेला नवी नाही. दापोली तालुक्यातीलच मुरूड या गावी १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात सिद्धान्त व करण या दोन्ही प्रकारच्या ग्रंथांचा इतिहास मांडला आहे. करणग्रंथ म्हणजे जवळच्या एखाद्या शकाचा आरंभ धरून ग्रहगणित सोपे करून देणारे साधन. असा ग्रंथ रचला जातो तेव्हा गणित आणि आकाश यांचा मेळ बसलेला असतो. वर्षे उलटतात तसे लहानसे अंतर साठत जाते. मग ग्रहांच्या गतिस्थितीत दुरुस्ती सुचविणारा ‘बीजसंस्कार’ दिला जातो, आणि तोही अपुरा पडू लागला की नवा करणग्रंथ रचावा लागतो.

कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून रचलेला ‘ग्रहलाघव’ हे याचे उत्तम उदाहरण होय. ज्या-चापाचे किचकट गणित टाळल्यामुळे तो पंचांगकर्त्यांना सोयीचा वाटला आणि महाराष्ट्रात शतकानुशतके वापरात राहिला. त्याची जागा घेऊ शकेल असे साधन केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ (१८६०) या पाश्चात्त्य गणितावर आधारलेल्या ग्रंथाने दिले आणि १८६५पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. तरीही जुने गणित एकाएकी मागे पडले नाही. साधनाचे आयुष्य त्याच्या अचूकतेइतकेच ते वापरणाऱ्या समाजावरही अवलंबून असते, एवढा निष्कर्ष यातून काढता येतो. पुण्याच्या वेधशाळेच्या बाबतीत नेमकी हीच बाजू दुबळी राहिली.

पुण्याची वीस इंची दुर्बीण

नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करीत असता १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटशास्त्राच्या कार्यासाठी ५००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला इंग्लंडला गेले, तेथील तज्ज्ञांचा सल्ला त्यांनी घेतला आणि प्रयोगशाळेची मूळ कल्पना वाढून तिचे खगोलभौतिकीच्या वेधशाळेत रूपांतर झाले. दरम्यान त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ साली त्या महाविद्यालयाच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. तेथील ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

या वेधशाळेचे वैशिष्ट्य असे की ताऱ्यांची स्थाने मोजण्याच्या रूढ कामाऐवजी प्रकाशाच्या पृथक्करणावर तिचा भर होता. मृग नक्षत्रातील महातेजोमेघाच्या वर्णपटाची नायगमवालांची निरीक्षणे १८९१ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जेऊर येथील ग्रहणमोहिमेचा अहवाल १९०२ साली वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून निघाला.

दुर्बिणीच्या देखभालीचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. काचेच्या आरशावरील चांदीचा मुलामा त्या काळी दमट हवेत काळवंडत असे आणि तो वेळोवेळी पुन्हा चढवावा लागे. अशा दुर्बिणीला केवळ निरीक्षक पुरत नाही. आरसा, घड्याळयंत्रणा व वर्णपटमापक यांची जाण असलेला मनुष्य सतत हाताशी लागतो. पुण्यात हे सर्व एका व्यक्तीभोवती गुंफलेले होते. वेधशाळेला स्वतंत्र संस्थेचे पाठबळ नव्हते. ती महाविद्यालयाचा एक भाग होती आणि महाविद्यालयाचा कल अभियांत्रिकीकडे झुकत होता. १९११ साली त्याचे नावही कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. दुसरीकडे १८९९पासून कोडाईकनाल येथे सरकारी सौर वेधशाळा सुरू झाली होती आणि सरकारचे लक्ष व पैसा तिकडे वळला होता. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या साधनाला तेथेही पुन्हा उभे राहण्यास बरीच वर्षे लागली.

पुण्याचे नुकसान एका दुर्बिणीपुरते नव्हते. वर्णपटशास्त्राची जी परंपरा रुजू लागली होती तिचा धागा तुटला. १९८८ साली पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र (आयुका) स्थापन झाले आणि या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली जुन्नरजवळ गिरवली येथे कार्यान्वित झाली. १९१२ ते २००६ हे अंतर ९४ वर्षांचे आहे. साधन चालू असताना वारसदाराची तरतूद न केल्यास पोकळी किती लांबू शकते, याचे हे मोजमाप म्हणता येईल.

हबल : दुरुस्तीमुळे लाभलेले आयुष्य

पुण्याच्या दुर्बिणीला दुरुस्ती शक्य होती, पण तिच्यामागे व्यवस्था नव्हती. हबल अवकाश दुर्बिणीच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट होती. २४ एप्रिल १९९० रोजी तिचे प्रक्षेपण झाले आणि काही आठवड्यांतच तिच्या २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशात गोलीय विपथनाचा दोष असल्याचे उघड झाले. आरसा घासताना त्याची तपासणी करणाऱ्या उपकरणातील एका भिंगाची जागा सुमारे १.३ मिलिमीटरने चुकली होती. परिणामी आरशाची कड अपेक्षेपेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटरने अधिक सपाट झाली होती. दोष अतिसूक्ष्म असला तरी ताऱ्यांची प्रतिबिंबे पसरट दिसण्यास तो पुरेसा होता.

आरसा बदलणे अशक्य होते. परंतु त्याची चूक अत्यंत नियमित असल्यामुळे तिच्या उलट चूक असलेली प्रकाशयोजना पुढे बसविता येत होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तशी योजना व नवा कॅमेरा बसविला आणि प्रतिमा सुधारल्या. मूळ गणित तसेच ठेवून त्याला बीजसंस्कार देण्याच्या जुन्या रीतीशी या उपायाचे साम्य सहज जाणवते. त्यानंतर १९९७, १९९९, २००२ व २००९ साली आणखी चार दुरुस्ती-मोहिमा झाल्या आणि प्रत्येक मोहिमेत झिजलेले वा कालबाह्य झालेले भाग बदलले गेले. २००९नंतरची हबल ही सांगाडा व मुख्य आरसा वगळता १९९०च्या हबलहून पुष्कळच वेगळी दुर्बीण होती.

दुर्बिणीचा सर्वांत नाजूक भाग जायरोस्कोप हा ठरला. दुर्बीण किती व कोणत्या दिशेने वळली हे जायरोस्कोपमुळे कळते. त्यातील चक्र अतिवेगाने सतत फिरत असते आणि त्याला वीज पोचविणाऱ्या बारीक तारा कालांतराने गंजून तुटतात. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी सहापैकी चौथा जायरोस्कोप बंद पडला आणि डिसेंबरातील दुरुस्ती-मोहीम येईपर्यंत निरीक्षणे थांबवावी लागली. २००९ साली सहाही जायरोस्कोप नवे बसविण्यात आले. जून २०२४ मध्ये त्यांपैकी एकाचाच वापर करून दुसरा राखीव ठेवण्याची पद्धत स्वीकारावी लागली. या पद्धतीत लक्ष्याकडे वळण्यास अधिक वेळ लागतो आणि आकाशाचा काही भाग त्या त्या वेळी निरीक्षणाबाहेर राहतो.

तथापि हबलच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग तिच्या स्वतःच्या बिघाडाचा नव्हता. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाचा अपघात झाला, त्यात कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले, आणि जानेवारी २००४ मध्ये नासाने हबलची उरलेली दुरुस्ती-मोहीम रद्द केली. शास्त्रज्ञांच्या व सामान्य नागरिकांच्या तीव्र विरोधानंतर, नव्या प्रशासकांच्या काळात, ऑक्टोबर २००६ मध्ये ती पुन्हा मंजूर झाली. दुर्बिणीचे आयुष्य अशा रीतीने दुरुस्तीच्या वाहनाच्या आयुष्याशी बांधले गेले होते. २०११ साली अंतराळयानांचा ताफा निवृत्त झाल्यावर हबलकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. खासगी यानाच्या साहाय्याने तिची कक्षा उंचावण्याच्या कल्पनेचा २०२२पासून अभ्यास झाला. परंतु २०२४ साली नासाने ती कल्पना तूर्त बाजूला ठेवली.

साधन शाबूत असूनही ते संपविण्याचा निर्णय घ्यावा लागतो, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन गॅमा किरण वेधशाळेची वैज्ञानिक उपकरणे काम करीत होती. परंतु तीनपैकी एक जायरोस्कोप बंद पडला. आणखी एक गेल्यास सुमारे १७ टन वजनाचे यान अनियंत्रितपणे कोसळण्याचा धोका होता. म्हणून ४ जून २००० रोजी ते हेतुपुरस्सर समुद्रात पाडण्यात आले.

अ‍ॅस्ट्रोसॅट : दुरुस्तीविना दीर्घायुष्य

अवकाशातून खगोलीय निरीक्षण करण्याचा भारतीय प्रयत्न पहिल्याच उपग्रहाइतका जुना आहे. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या आर्यभटावर क्ष-किरण खगोलशास्त्राचा प्रयोग होता. मात्र वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे चार दिवसांनी सर्व प्रयोग बंद करावे लागले. मार्च १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेला क्ष-किरण प्रयोग यशस्वी झाला. त्यातून स्वतंत्र अवकाश वेधशाळेची कल्पना पुढे आली. टाटा संस्थेचे पी. सी. अगरवाल हे या प्रयत्नातील अग्रणी होते. २००४ साली अ‍ॅस्ट्रोसॅटला इस्रोची मान्यता मिळाली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने १५१५ किलोग्रॅम वजनाची ही वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत पोचविली. मान्यता ते प्रक्षेपण हे अंतर अकरा वर्षांचे होते.

एकच लक्ष्य अतिनील प्रकाशापासून उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांपर्यंत एकाच वेळी पाहता येणे, हे अ‍ॅस्ट्रोसॅटचे वैशिष्ट्य होय. मृदू क्ष-किरणांची दुर्बीण आणि मोठ्या क्षेत्रफळाचे क्ष-किरण मापक (लॅक्सपीसी) टाटा संस्थेत सिद्ध झाले. मृदू क्ष-किरणांच्या दुर्बिणीसाठी सोन्याचा पातळ थर दिलेले ३२० आरसे एकात एक बसवून चाळीस कवचे तयार करण्यात आली. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमाग्राहक (सीझेडटीआय) टाटा संस्था, आयुका व अन्य संस्थांनी मिळून उभारला. अतिनील दुर्बीण (यूव्हीआयटी) बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली, आयुका व कॅनडाच्या अवकाश संस्थेच्या सहकार्याने तयार झाली. कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन केवळ ६ अंशांचा ठेवण्यात आला. त्यामुळे दक्षिण अटलांटिकवरील तीव्र प्रारण-पट्ट्याचा उपद्रव कमी होतो. दुरुस्ती शक्य नसलेल्या साधनाचे आयुष्य वाढविण्याचा हा एक शहाणपणाचा उपाय होता.

अ‍ॅस्ट्रोसॅटचे अपेक्षित आयुष्य पाच वर्षांचे होते. बिघाड त्याआधीच सुरू झाले. लॅक्सपीसीमध्ये तीन एकसारखे कक्ष असून त्यांत झेनॉन वायू दाबाखाली भरलेला असतो. क्ष-किरण या वायूवर आदळला की इलेक्ट्रॉन मुक्त होतात व त्यांची मोजणी होते. तिसऱ्या कक्षातून प्रक्षेपणानंतर लवकरच वायूची गळती सुरू झाली. वायू विरळ होत गेला तसे मापन बदलत गेले आणि मार्च २०१८ मध्ये तो कक्ष बंद करावा लागला. त्याच महिन्यात पहिल्या कक्षाचे वर्तन अनियमित झाल्याने त्याची संवेदनक्षमता घटवावी लागली. मधला कक्ष मात्र समाधानकारक काम देत राहिला. अतिनील दुर्बिणीचे तीन मार्ग होते : दूर-अतिनील, निकट-अतिनील व दृश्य प्रकाश. यांपैकी निकट-अतिनील मार्ग पहिल्या तीन वर्षांच्या आतच कायमचा बंद पडला. दृश्य प्रकाशाच्या मार्गाचा उपयोग मुख्यतः दुर्बिणीचे सूक्ष्म हेलकावे टिपून प्रतिमा सावरण्यासाठी होतो. तो शाबूत राहिल्यामुळे दूर-अतिनील निरीक्षणे चालू राहू शकली.

या बिघाडांचा विचार करताना एक गोष्ट स्पष्ट होते. अ‍ॅस्ट्रोसॅट टिकले ते भाग न बिघडल्यामुळे नव्हे. एक भाग गेला तरी उरलेल्यांचे काम थांबू नये अशी त्याची रचना होती. हबलमध्ये जे काम अंतराळवीरांनी केले, ते येथे रचनेतील विभागणीने, जमिनीवरून बदललेल्या विद्युतदाबाने आणि बदलत्या मापनाचे वारंवार अंशांकन करणाऱ्या संशोधकांनी केले. शेवटचा घटक विशेष महत्त्वाचा आहे. गळत्या कक्षाची मोजमापे वापरायची, तर त्या त्या दिवशी त्यात किती वायू शिल्लक होता याचा हिशोब कोणीतरी ठेवावा लागतो. हा हिशोब ठेवणारी माणसे म्हणजेच या वेधशाळेची दुरुस्ती-मोहीम होय.

उतारवयातील या साधनाने केलेले कार्यही मोठे आहे. सीझेडटीआयने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्रॅब स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले आणि नोव्हेंबर २०२३पर्यंत सहाशे गॅमा किरण स्फोटांची नोंद केली. अतिनील दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तास टिपलेल्या प्रकाशातून आयुकाचे कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून बाहेर पडणारा तीव्र अतिनील प्रकाश ओळखला. हे संशोधन ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निरीक्षण आणि निष्कर्ष यांत जवळजवळ चार वर्षांचे अंतर आहे. दुर्बिणीचे वैज्ञानिक आयुष्य तिच्या यांत्रिक आयुष्यापेक्षा लांब असते, हे यावरून ध्यानात येईल. २०२५ साली अ‍ॅस्ट्रोसॅटच्या प्रक्षेपणास दहा वर्षे पूर्ण झाली, म्हणजे अपेक्षित आयुष्य दुप्पट झाले.

उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न

हबलचा उत्तराधिकारी म्हणून जेम्स वेब दुर्बिणीचे नाव घेतले जाते. या उत्तराधिकाराचा काळ लक्षणीय आहे. पुढील पिढीच्या अवकाश दुर्बिणीवर विचार करणारी शास्त्रज्ञांची कार्यशाळा सप्टेंबर १९८९ मध्ये, म्हणजे हबलच्या प्रक्षेपणाच्याही सात महिने आधी भरली होती. प्रत्यक्षात वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी आकाशात गेली. बत्तीस वर्षांचा हा काळ हबलने पाच दुरुस्त्यांच्या बळावर भरून काढला, म्हणूनच दोन्ही दुर्बिणींचे काम काही काळ एकत्र चालू शकले.

परंतु वेब ही हबलची जागा पूर्णपणे घेत नाही. ६.५ मीटर व्यासाचा तिचा आरसा मुख्यतः अवरक्त प्रकाशासाठी आहे. अतिनील प्रकाश तिला दिसत नाही. अमेरिकेची गॅलेक्स ही अतिनील दुर्बीण २०१३ साली बंद झाली. अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०२१ साली शिफारस केलेली, अतिनील प्रकाशही पाहू शकणारी मोठी दुर्बीण २०४०च्या दशकापूर्वी अपेक्षित नाही. यामुळे अ‍ॅस्ट्रोसॅटच्या लहानशा, ३७५ मिलिमीटर आरशांच्या अतिनील दुर्बिणीचे महत्त्व तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे ठरते. हबलपेक्षा कितीतरी विस्तीर्ण क्षेत्र ती एका वेळी पाहते आणि गॅलेक्सहून अधिक स्पष्ट प्रतिमा देते.

भारतात या वारशासाठी प्रस्ताव आहेत. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ‘इनसिस्ट’ या अतिनील व दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीची आखणी केली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा प्रस्ताव मांडला गेला असून तिचा रोख सीझेडटीआयप्रमाणे क्षणिक उच्च-ऊर्जा स्फोटांवर आहे. २०२५ अखेरपर्यंत यांपैकी कोणतीही मोहीम अवकाशात गेलेली नव्हती. १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेला एक्सपोसॅट हा उपग्रह क्ष-किरणांच्या ध्रुवणाचा अभ्यास करतो. त्याचे कार्यक्षेत्र महत्त्वाचे असले तरी मर्यादित आहे.

येथे अ‍ॅस्ट्रोसॅटचा स्वतःचा इतिहास एक साधा हिशोब पुढे ठेवतो. मान्यतेपासून प्रक्षेपणापर्यंत त्याला अकरा वर्षे लागली. पुढील वेधशाळेलाही तेवढाच काळ लागेल असे धरल्यास, अ‍ॅस्ट्रोसॅटच्या प्रक्षेपणाच्या दिवशीच तिला मान्यता मिळाली असती तरी ती २०२६च्या सुमारास तयार झाली असती. मान्यतेला होणारा प्रत्येक वर्षाचा विलंब हा संभाव्य पोकळीत एका वर्षाची भर घालतो. पोकळीच्या काळात केवळ निरीक्षणे थांबतात असे नाही. आरसे घडविणारे, वायूकक्ष जोडणारे व अंशांकन करणारे हात दुसऱ्या कामाला लागतात किंवा निवृत्त होतात, आणि पुढील साधनाला आरंभ पुन्हा मुळापासून करावा लागतो. १९१२नंतर पुण्यात हेच घडले.

आर्थिक बाजूही विसरता येत नाही. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाणारी चंद्रा क्ष-किरण वेधशाळा १९९९ साली पाच वर्षांच्या अपेक्षेने सोडण्यात आली आणि पाव शतकानंतरही काम देत होती. तरी २०२४ साली तिच्या खर्चात मोठी कपात प्रस्तावित झाली आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी तिला विरोध केला. जुन्या साधनावरील खर्च व नव्याची उभारणी ही एकाच तिजोरीतून होत असल्याने दोघांत ओढाताण अटळ असते. मात्र नवे साधन सिद्ध होण्यापूर्वी जुने बंद करणे आणि जुने चालते म्हणून नवे लांबणीवर टाकणे, या दोन्ही चुकांचा शेवट एकाच पोकळीत होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दुर्बिणीचे अपेक्षित आयुष्य ही केवळ आरंभीची अटकळ असते. पुण्याची दुर्बीण चालू स्थितीत थांबली, कॉम्प्टन वेधशाळा कार्यक्षम असता पाडावी लागली, तर हबल व अ‍ॅस्ट्रोसॅट अपेक्षेपलीकडे टिकल्या. दुसरा असा की, दुरुस्तीचे मार्ग अनेक असतात. अंतराळवीरांची भेट हा त्यांतील सर्वांत खर्चिक मार्ग असून रचनेतील विभागणी व जमिनीवरील काटेकोर अंशांकन हे अधिक साधे आणि भारतासारख्या देशाला परवडणारे मार्ग आहेत. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, उत्तराधिकाऱ्याचा विचार साधन तरुण असतानाच करावा लागतो. हबलच्या बाबतीत तो प्रक्षेपणापूर्वी सुरू झाला आणि तरीही पूर्तता होण्यास तीन दशके लागली. तख्तसिंहजी वेधशाळेच्या बाबतीत तो झालाच नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या इतिहासाला एक व्यावहारिक बाजू आहे. अ‍ॅस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर इस्रोच्या संग्रहातून सर्वांसाठी खुली होतात आणि ती वापरू इच्छिणाऱ्यांच्या साहाय्यासाठी आयुकामध्ये इस्रोच्या सहकार्याने स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आहे. १८९८चे ग्रहण पाहण्यासाठी विजयदुर्गावर किंवा जेऊरला हजर असणे आवश्यक होते; केळशीच्या वाट्याला खंडग्रास ग्रहणच आले. आज मात्र केळशीतील विद्यार्थ्यालाही संगणकाच्या साहाय्याने त्याच संग्रहापर्यंत पोचता येते, जेथे मुंबई-पुण्याचा संशोधक पोचतो. अ‍ॅस्ट्रोसॅट कधीतरी थांबेल. त्या दिवशी त्याच्या निरीक्षणांवर काम करणारे विद्यार्थी राज्यातील महाविद्यालयांतून तयार झालेले असतील, तर पुढील दुर्बिणीला निरीक्षक शोधावे लागणार नाहीत. १९१२ साली पुण्यात उणीव होती ती अशाच माणसांची.